जॉर्ज लेनीला फसवत होता का? ऊसतोडीच्या घरातल्या मुलांना 'ऑफ माइस अँड मेन' शिकवताना

मॅडम, तुमच्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या कॉलेजात तुम्ही बी.ए.ला इंग्रजी शिकवता. यंदा जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' लावली आहे. वर्गातली बरीच मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. गोष्ट कळल्यावर त्यांनी तुम्हाला विचारलं, "शेत काही होत नाही हे जॉर्जला माहीत होतं, मग त्या भोळ्या लेनीला तो गाजर का दाखवत राहिला? ही मैत्री म्हणायची का फसवणूक?" गाईडमधलं उत्तर त्यांना द्यायचं तुमच्या जिवावर आलं. शिवाय सिनेमा दाखवावा का, असंही विचारलंत.

जिवावर आलं हे बरं झालं. गाईड म्हणतं, 'अमेरिकन ड्रीमचा भंग'. हे तीन शब्द लिहिले की मुलगा पुस्तक न उघडता दहापैकी पाच मार्क घेऊन जातो. मी पहिल्याच तासाला ते तीन शब्द बंद करतो. स्वप्न कुणाचं, किती एकराचं, किती पैशांचं, कुणाकडून विकत घ्यायचं, ते सांगा म्हणतो. स्टाइनबेकनं हे सगळं आकड्यांत लिहून ठेवलं आहे आणि मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांतच आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी एकदा उजळणी. कॅलिफोर्नियात सोलेदाद गावाजवळ सॅलिनास नदीच्या काठी ती सुरू होते आणि तीन-चार दिवसांत तिथंच संपते. जॉर्ज चणीनं लहान, डोक्यानं तल्लख. लेनी धिप्पाड, ताकद अफाट, बुद्धी लेकराची. मऊ काही दिसलं की कुरवाळायचा त्याला नाद, आणि हाताचा जोर त्याला कळत नाही. उंदीर मरतो, कुत्र्याचं पिल्लू मरतं, शेवटी मालकाच्या पोराची, कर्लीची, बायको मरते. कर्ली बंदूक घेऊन निघतो. जॉर्ज त्याच्या आधी लेनीपर्यंत पोचतो, त्याला शेताची गोष्ट सांगायला लागतो आणि सांगता सांगता मागून गोळी घालतो. पुस्तक १९३७ चं. स्टाइनबेक त्याच सॅलिनासचा, तरुणपणी अशाच मळ्यांवर राबलेला, त्यामुळं बारदान्याचा आणि घोड्यांचा वास पुस्तकाला खरा आहे.

आता तिसरं प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचायला घ्या. संध्याकाळ आहे. कँडी नावाच्या म्हाताऱ्या झाडूवाल्याचं म्हातारं कुत्रं कार्लसन नावाच्या गड्यानं नुकतंच बाहेर नेऊन मारलंय. कँडी भिंतीकडं तोंड करून पडलेला. तो ऐकतोय हे विसरून जॉर्ज लेनीला शेताची गोष्ट सांगतो. दहा एकर, एक पवनचक्की, लहानसं घर, कोंबड्या, फळझाडं, सशांसाठी लसूणघास. आणि कँडी मध्येच विचारतो, अशी जागा कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का?

इथून पुढं स्वप्नाचा व्यवहार होतो. जागा सहाशे डॉलरला मिळेल, जॉर्ज सांगतो. मळ्यावर काम करताना कँडीचा एक हात गेला, त्याचे त्याला अडीचशे मिळालेत. पन्नास बँकेत आहेत, पन्नास महिनाअखेरीला येतील. म्हणजे साडेतीनशे. जॉर्ज-लेनीकडं दोघांत मिळून दहा. दोघांनी महिनाभर एक पैसा न उडवता काम केलं तर शंभर. झाले साडेचारशे. कँडी आणि लेनीनं जागेवर जाऊन कामाला लागायचं, जॉर्जनं बाहेर नोकरी करून उरलेले फेडायचे. कँडीच्या पैशातले शंभर इसार म्हणून आधी पाठवायचे. फळ्यावर हा हिशेब मांडा. आमच्या पोरांना इसार समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे शेत होत होतं. हवेतलं नव्हतं. मालकाचं नाव-गाव ठाऊक असलेली जागा होती आणि पैशाचा मेळ बसत होता. हे लक्षात आल्यावर जॉर्ज, लेनी, कँडी तिघंही एकमेकांकडं बघत गप्प होतात, कारण आजवर त्यांचा स्वतःचाही त्यावर पुरता भरवसा नव्हता.

आणि आता पाचव्या प्रकरणात या. कर्लीची बायको मेलेली आहे, लेनी पळाला आहे. कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघं ती जागा घेऊ शकतो ना? बघा, पैसे जिथल्या तिथं आहेत. साडेतीनशे कँडीचेच होते, लेनीची भर तर पन्नासाचीच होती. जागा तीच, भाव तोच. तरी जॉर्ज नाही म्हणतो. म्हणतो, होणार नाही हे मला पहिल्यापासून कळत असावं. पण लेनीला ऐकायला इतकं आवडायचं, की मलाही वाटायला लागलं होईल कदाचित. मग सांगतो, महिना भरीन, पन्नास डॉलर घेईन आणि कुठल्या तरी बाईच्या कोठ्यावर रात्र घालवीन. हे तेच, जे पहिल्या प्रकरणात तो लेनीवर चिडून बोलला होता: तू नसतास तर मी काय मजेत राहिलो असतो. ती 'मजा' त्याच्या वाट्याला आली, आणि तीच त्याची शिक्षा आहे.

मुलांना मी एवढंच सांगतो. जॉर्ज नुसता गाजर दाखवणारा असता तर साडेतीनशे डॉलरवाला म्हातारा समोर असताना त्यानं शेत सोडलं नसतं. फसवणाऱ्याला पैसा महत्त्वाचा असतो. जॉर्जला ऐकणारा गेल्यावर शेतच दिसेनासं झालं. लेनीला तो सांगत होता तेव्हा स्वतःलाही सांगत होता, आणि सांगायला समोर दुसरं कुणी असल्याशिवाय त्याला ते सांगता येत नव्हतं. जॉर्जच लेनीच्या आधारावर होता असं म्हटलं तर मुलं आधी हसतात, मग पान उलटून बघतात.

बरं, 'होणार नाही हे मला पहिल्यापासून कळत असावं' हे वाक्य मुलं पुरावा म्हणून पुढं करतील. करू द्या. हे वाक्य तो कधी बोलतोय ते विचारा. सगळं संपल्यावर बोलतोय. माणूस हरल्यावर 'मला माहीतच होतं' म्हणतो. इलेक्शनच्या निकालाच्या संध्याकाळी गावच्या पारावर बसलं की हे वाक्य दहा तोंडून ऐकू येतं. तिसऱ्या प्रकरणात इसाराचं पत्र लिहायची भाषा करणारा जॉर्जही तोच आहे.

आता तुमच्या वर्गाला जास्त लागणारा भाग. एका वर्षी हा हिशेब फळ्यावर मांडून झाला आणि मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "सर, ह्यांनी उचल घेतली नव्हती का?"

अख्ख्या कादंबरीवर मी ऐकलेला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. उचल म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेला पैसा. ती ह्यांनी नव्हती घेतली. मजूर पुरवणाऱ्या कचेरीतून कामाची कार्डं आणि बसची तिकिटं घेऊन दोघं आले, काम आधी, पगार महिन्याच्या शेवटी. म्हणून जॉर्ज 'महिनाभर काम केलं तर शंभर' असा अधिकात हिशेब करू शकतो. आपल्याकडं उलट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, पण उचल त्याच्या आधीच, पावसाळ्यात, मुकादमाकडून घेतलेली असते. पोरीचं लग्न, दवाखाना, सावकाराचं देणं, घरावरचे पत्रे. कारखान्यावर पोचायच्या आधी पैसा खर्चून मोकळे. मग टनावर मजुरी निघते आणि ती उचलीतून वजा होत जाते. ताप आला, खाडा झाला, तो अंगावर. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फिटली तर फिटली, नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या माथी. जॉर्जचा हिशेब दहा डॉलरपासून वर चढतो, आपल्या जोडीचा शून्याच्या खालून सुरू होतो आणि शून्यापर्यंत आला तरी पेढे वाटतात.

त्यामुळं स्वप्नाचा आकारही वेगळा होतो. जॉर्जला दहा एकर हवेत. आपल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून जे जातात त्यातल्या पुष्कळांकडं दोन-तीन एकर आहेत. पण कसले, तर बालाघाटाच्या माळावरची मुरमाड, पाऊस पडला तर बाजरी, तूर, कापूस. नाही पडला तर कुसळं. आमच्या माणसाला जमीन नको आहे, पाणी हवं आहे. पाणी नाही म्हणून घराला कुलूप लावायचं आणि जायचं कुठं, तर सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकात राबायला. मी मुलांना एक पान लिहायला लावतो: जॉर्जचं जसं शेत, तसं तुमच्या घरात रात्री कशाबद्दल बोलतात? बोअर येतं, स्लॅबचं घर येतं, पोराची पोलीस भरती येते, आणि बहुतेकांच्या लिहिण्यात एक गोष्ट येतेच: लेकरांनी कोयता धरू नये. ससे कुणी लिहिले नाहीत. एका मुलीनं 'घराला मोरी' एवढंच लिहिलं होतं. त्यावर वर्गात पुष्कळ बोलणं झालं.

कादंबरीतला एकटेपणा मात्र आमच्या मुलांना लवकर पोचत नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. स्लिम नावाचा मळ्यावरचा गाडीवान म्हणतो, दोघं मिळून हिंडणारी माणसं फारशी दिसत नाहीत. मालकाला तर संशयच येतो. तो जॉर्जला विचारतो, तुझा ह्याच्यात काय स्वार्थ? पगार तर काढून घेत नाहीस? जॉर्ज खोटंच सांगतो, हा माझा चुलत भाऊ आहे, लहानपणी घोड्यानं लाथ मारली. आमच्या पोरांना कळत नाही, यात संशय घेण्यासारखं काय? कारण आपल्याकडं एकटा जातच नाही कुणी. कोयता म्हणजे नवरा-बायको, एकट्याला अर्धा कोयता धरतात. टोळी बहुधा एका गावची, भावकीतली, सोयऱ्यांतली. चुलत भाऊ आहे म्हटल्यावर मुकादमाला काही वाटणार नाही, सगळेच असतात.

मग मी त्यांना दुसऱ्या प्रकरणातली मजुरांची खोली दाखवतो. रांगेनं बाजा, आणि प्रत्येक बाजेच्या वर भिंतीला ठोकलेलं सफरचंदाचं खोकं. माणसाचं सगळं सामान त्या खोक्यात मावतं: साबण, दाढीचा वस्तरा, दोन मासिकं, औषधाची बाटली. आता तुमच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, काय काय असतं ते सांगा म्हटलं की पोरं थांबत नाहीत. चूल, पिठाचा डबा, पाण्याचे ड्रम, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या, झोळीतलं लेकरू, बाहेर बांधलेली बैलं, ताडपत्री, वाढ्याचा भारा. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. खोक्याची यादी आखूड का, यावर बोलताना मुलांना कळतं की कॅलिफोर्नियाच्या त्या मळ्यांना सुटे, बिनलग्नाचे, बिनबिऱ्हाडाचे गडी सोयीचे होते. महिना भरला की पगार शहरात उडवायचा, परत कफल्लक होऊन दुसऱ्या मळ्यावर. आणि आपल्या कारखान्यांना जोडी सोयीची आहे, कारण एक तोडतो, एक मोळ्या बांधते, आणि भाकरीचा खर्च कुणाला पडत नाही. दोन्हीकडं माणसाचं कुटुंब कसं असावं हे कामानंच ठरवलं आहे. त्या व्यवस्थेच्या विरोधात जाऊन जॉर्ज-लेनीनं स्वतःचं 'घर' केलं, म्हणून मालक बुचकळ्यात पडतो. मैत्रीचं कौतुक करायचं तर या ठिकाणी करावं. 'मैत्री हे जीवनाचं अमृत आहे' वगैरे निबंध लिहू देऊ नका.

क्रुक्सचं चौथं प्रकरण समजावण्यात वेळ घालवू नका, तुमची मुलं तुम्हाला समजावतील. काळा माणूस, घोड्याच्या लाथेनं पाठ वाकलेला. तबेल्याच्या बाजूला घोड्यांचं सामान ठेवतात तिथं त्याची वेगळी खोली. इतरांच्या खोलीत त्याला येऊ देत नाहीत. त्याच्या फळीवर पुस्तकं आहेत, त्यात कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याचं १९०५ सालचं जीर्ण पुस्तक आहे. माझ्या वर्गात या ओळीला दर वर्षी कुणीतरी चौकातल्या पुतळ्याच्या हातातलं पुस्तक काढतंच. क्रुक्स म्हणतो, शेकडो माणसं आली, प्रत्येकाच्या डोक्यात जमिनीचा तुकडा, एकालाही मिळाला नाही. मग कँडी पैशाचं सांगतो, आणि हाच क्रुक्स म्हणतो, मला घ्याल का, नुसत्या जेवणावर राबेन. काही मिनिटांतच कर्लीची बायको येते, 'तुला झाडाला टांगायला लावीन' अशा अर्थाची धमकी देते, आणि क्रुक्स शब्द मागं घेतो, गंमत केली म्हणतो. स्वप्नात कोण बसू शकतं आणि कुणाला उठावं लागतं, ते या दोन पानांत आहे.

त्या बाईकडंही जरा थांबा. तिला पुस्तकात नाव नाही. मुलगे तिला लगेच खलनायिका करतात. पाचव्या प्रकरणातलं तिचं बोलणं एखाद्या मुलीकडून वाचून घ्या. सिनेमात घेतो म्हणून एकानं शब्द दिला होता, हॉलिवूडहून पत्र येणार होतं, आलं नाही. आईनंच चोरलं असेल असं तिला वाटतं. रागात कर्लीशी लग्न केलं. तिचंही शेतच आहे ते, फक्त ऐकणारा तिला लेनी सोडून कुणी मिळाला नाही, आणि त्याचं लक्ष सशांकडं. टोळीतली बाई पहाटे भाकऱ्या थापून फडात उतरते, तिच्याशी हिची परिस्थिती जुळत नाही. जुळवायचा प्रयत्न करू नका.

आणखी एक, जे मला कुठल्याच गाईडमध्ये दिसलं नाही. ती दहा एकर जागा स्वस्तात का मिळतेय? मालक म्हातारा-म्हातारी आहेत, पुरते कफल्लक, आणि म्हातारीचं ऑपरेशन करायचं आहे. म्हणजे आपल्या नायकांचं स्वप्न दुसऱ्या कुणाच्या दवाखान्याच्या बिलावर उभं आहे. दवाखान्यापायी रान विकलेलं आमच्याकडं गावोगाव आहे, त्यामुळं हे वाक्य मी न चुकता वाचून दाखवतो. जॉर्ज वाईट होता असं नाही. गरिबाला जमीन मिळते ती बहुधा दुसऱ्या गरिबाच्या अडचणीतूनच मिळते, हे स्टाइनबेकला ठाऊक होतं, आणि त्यानं ते एका ओळीत सांगून सोडून दिलं.

मराठीतलं जोडीला काय वाचावं, तर अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'. मुलांनी बहुधा वाचलेली असते. भीमा लेनीसारखाच अंगानं प्रचंड, वारणेकाठावरून मुंबईला आलेला. खाण बंद पडते, म्हणून तो मढी उकरून सोनं शोधतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात आणि ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. कँडीच्या गेलेल्या हाताचे अडीचशे डॉलर आले, भीमाच्या बोटांचे काहीच नाही. भीमाला बायको आहे, लेक आहे, पण जॉर्ज नाही. रात्री तो एकटाच जातो. दोन्ही गोष्टी एका तासाला ठेवल्या तर मैत्री असणं-नसणं याचा कथानकावर काय परिणाम होतो ते मुलं आपसूक बोलतात. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या होरी या शेतकऱ्याची गाय हवी तर परीक्षेच्या उत्तरात टाकायला चांगली, पुस्तक १९३६ चं, म्हणजे जवळजवळ सोबतचं. पण होरी गाव सोडत नाही, सोडतो त्याचा पोरगा गोबर, म्हणून ताणू नका.

टोळीशी खरं जुळणारं स्टाइनबेकचं पुस्तक वेगळंच आहे: १९३९ चं 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'. तिथं जोड कुटुंब म्हातारा-म्हातारी, पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन निघतं, कामाच्या छापील जाहिराती वाचून. लागणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त जाहिराती वाटलेल्या असतात, म्हणजे गर्दी होईल आणि मजुरी पडेल. ट्रॅक्टरनं कुळं उठवलेली. फडात ऊस तोडणारा हार्वेस्टर उतरलेला पाहिलेल्या पोरांना तो ट्रॅक्टर दोन ओळींत कळतो. जाडजूड पुस्तक आहे, अख्खं लावू नका, सुरुवातीची ट्रॅक्टरची प्रकरणं झेरॉक्स काढून द्या.

सिनेमाचं म्हणाल तर १९९२ चा आहे, गॅरी सिनीसचा. तोच जॉर्ज झालाय आणि जॉन माल्कोविच लेनी. चांगला आहे. पण पुस्तक व्हायच्या आधी दाखवलात तर मुलांच्या डोक्यात लेनीचा चेहरा पक्का बसतो आणि मग वाचणं होत नाही. त्यापेक्षा तिसरं प्रकरण वर्गात उभं करा. स्टाइनबेकनं हे पुस्तक रंगमंच डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं, त्याच वर्षी त्याचं नाटकही न्यूयॉर्कला लागलं. प्रसंग थोडे, माणसं एका खोलीत, बोलणंच जास्त. संवाद मुलांनाच आपल्या बोलीत करू द्या. 'हाय', 'न्हाई', 'काय की बापा' आलं तर येऊ द्या. आमच्या एका पोरानं कँडीला लिहून दिलं होतं, "माह्याकडं हायेत साडेतीनशे, बघा मंग." मूळ इंग्रजीही असंच अशुद्ध आहे, त्यामुळं ते बरोबर बसतं. लेनीचं काम मस्करी करणाऱ्या पोराला देऊ नका, वर्ग हसत राहील आणि तास जाईल. आणि कँडी गप्प बसणारा निवडा; तो बोलेपर्यंत तो खोलीत आहे हे बघणारे विसरले पाहिजेत.